कळलं नाही, लिहून द्या

नवव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि महिन्याभरात माझे दोन्ही कान गेले. तेव्हापासून एक गोष्ट मी फार सराईतपणे करत आले. समोरचा बोलायला लागला की हसून मान डोलवायची. कळलं तरी, नाही कळलं तरी. सावर्ड्याच्या बाजारात, एसटीत, बँकेच्या खिडकीशी, लग्नाच्या पंगतीत. आपल्यापायी कुणाचा खोळंबा नको, कुणाला तेच तेच पुन्हा बोलायला लागू नये, एवढाच त्यामागचा विचार.

२०२३ साली गौरी-गणपती पोचवले आणि ऑक्टोबरात मी एकटी युरोपला गेले. चोवीस दिवस. पॅरिस, बर्लिन, कोलोन, मिलान. वय एक्केचाळीस. डाव्या कानात यंत्र आहे, त्याने ट्रकचा हॉर्न आणि हातातून पडलेलं भांडं कळतं, शब्द कळत नाहीत. सरकारी कागदावर मी कर्णबधिर. घरी आणि गावात बहिरी म्हणतात, आणि तो शब्द मला खुपत नाही, म्हणून इथेही तोच वापरते. सावर्ड्याच्या सह्याद्री कला महाविद्यालयात शिकले, आता चिपळुणात लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं जुळवायचं काम करते. त्यातून सहा वर्षं पैसे साठवले होते. तिकीट काढल्याचं सांगितलं तेव्हा आईने माझा चेहरा दोन्ही हातांनी स्वतःकडे वळवला आणि दोनच प्रश्न विचारले. “एकटी?” आणि “कशाला गो?” पहिल्याचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्याचं मला तेव्हा देता आलं नाही.

पुढे लिहिलंय ते कुणा बहिऱ्या माणसाच्या, किंवा बहिऱ्या मुलीच्या आईच्या, उपयोगी पडावं म्हणून.

१. भोंगा ऐकू येत नसेल तर पाय बघावेत

प्रवास मी सावर्डे स्टेशनवर शिकले. कोकण रेल्वेच्या सगळ्या मार्गावरून गाडी धावायला लागली ती जानेवारी १९९८ मध्ये, तेव्हा मी शाळा संपवत होते. मार्ग एकेरी. एका गाडीला वाट द्यायला दुसरी स्टेशनात थांबून राहते, आणि कधी येणारी गाडी पलीकडच्या रुळावर घेतात. हे सगळं भोंग्यातून सांगायचे. माझ्या लेखी भोंगा म्हणजे खांबाला टांगलेला पत्रा.

मग मी माणसं बघायला लागले. घोषणा झाली की आधी माना वर होतात, मग हात पिशव्यांकडे जातात, मग पाय फिरतात. माना वर होऊन परत खाली गेल्या तर ती दुसऱ्याच गाडीची घोषणा. हात पिशवीकडे जाऊन मागे आले तर गाडी उशिरा. आणि सगळ्यांचे पाय एकदम एका अंगाला वळले तर फलाट बदलला, आपणही निघायचं. यातही माणूस निवडावा लागतो. कॉलेजची मुलं उपयोगाची नाहीत, ती शेवटच्या क्षणी पळतात. सगळ्यात जास्त बोचकी घेऊन बसलेली म्हातारी शोधायची. तिला पळता येणार नसतं, म्हणून तिचं सगळं लक्ष भोंग्याकडे असतं.

पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनातून जर्मनीकडे जाणाऱ्या गाड्या सुटतात. तिथे गाडीचा फलाट सुटायच्या साधारण वीस मिनिटं आधी मोठ्या फलकावर उमटतो. तोवर शेकडो माणसं माना वर करून उभी. मला वाटलं होतं इथे मी घाबरून जाईन. पण या खेपेला स्टेशनातला प्रत्येक जण माझ्यासारखाच डोळ्यांनी वाट बघत होता. मी तरी एक आजीबाई शोधून ठेवलीच, दोन बॅगा आणि मांजराचा पिंजरा घेतलेली. आकडा उमटला आणि तिची बॅग हलली. मी तिच्यामागून चालत माझ्या डब्यापाशी पोचले.

२. आधी कार्ड, मग तोंड

माझी वाचा शाबूत आहे. नऊ वर्षं ऐकलेली मराठी तोंडात आहे, इंग्रजीही बोलते. लोकांना वाटतं हे माझं भाग्य. प्रवासात तेच नडतं. नीट उच्चारलेलं एक वाक्य कानावर पडलं की समोरच्याची खात्रीच पटते की हिला ऐकूही येतं. मग तो उत्तर देतो, भरभर, कधी मान खाली घालून पैसे मोजता मोजता. त्यानंतर “मला ऐकू येत नाही” म्हटलं तर त्याला ते पटत नाही, चेहऱ्यावर संशय येतो. कोकणातही हेच होतं, पण इथे निदान कुणाची कोण ते माहीत असतं.

म्हणून निघण्यापूर्वी मी स्वतःच एक कार्ड जुळवलं. पिवळा जाड कागद, वर लॅमिनेशन. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा चार भाषांत दोनच वाक्यं: मला ऐकू येत नाही. कृपया लिहून द्या. अक्षर एवढं ठळक की काउंटरपलीकडून चष्म्याशिवाय वाचता यावं. पत्रिकेत मुहूर्ताची ओळ ठळक करतात तशी मी “लिहून” या शब्दाची अक्षरं ठळक केली. कार्ड गळ्यात नाही अडकवलं, ते मला बरं वाटेना. उजव्या खिशात ठेवलं, आणि नियम केला की कुणाशीही आधी कार्ड, मग वही, आणि बोलायचं अगदी शेवटी, “थँक यू” म्हणायला.

पहिले तीन दिवस मी हा नियम दहादा तरी मोडला. कार्ड काढताना हात जड व्हायचा. हे सांगून ठेवते, कारण कार्ड छापायला एक संध्याकाळ लागते आणि ते खिशातून बाहेर काढायला फार जास्त वेळ लागतो.

३. आकडा ओठांवरून कधीही घेऊ नये

आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणून बघा: मामा, बाबा, पापा. तिन्ही सारखेच दिसतात. प, ब, म ओठांवर एकच. सात आणि साठ तेच. इंग्रजीतले थर्टीन आणि थर्टी, जर्मनमधले फ्युन्फत्सेन आणि फ्युन्फत्सिश, म्हणजे पंधरा आणि पन्नास, यांतला फरक डोळ्यांना लागतच नाही. शब्द चुकला तर मागच्यापुढच्या बोलण्यावरून सावरता येतं, आकड्याला मागचंपुढचं काही नसतं. फलाट, भाडं, वेळ, खोलीचा क्रमांक, सगळं कागदावर.

४. मान डोलावणं म्हणजे खोटं बोलणं

हे मी बर्लिनहून कोलोनला जाताना शिकले, आणि यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला बसले आहे.

बर्लिनहून तिकडे जाणाऱ्या काही गाड्या हाम नावाच्या स्टेशनात दोन भागांत सुटतात. अर्धी गाडी डॉर्टमुंड, एसेन करत ड्युसेलडॉर्फकडे जाते, अर्धी हागेन, वुपरटालवरून कोलोनला. आपण कुठल्या अर्ध्यात बसलोय ते बघून बसायचं असतं. मी तिकीट बघितलं, गाडीचा क्रमांक बघितला, फलाट बघितला, आणि मोकळी जागा दिसली त्या डब्यात बसले. हानोफर गेल्यावर तिकीट तपासनीस आला. माझं तिकीट बघून थांबला, वाकला आणि बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं. हाताने पुढच्या बाजूला दाखवलंही. चांगला मनुष्य होता, घाईत नव्हता. शेवटी त्याने भुवया उंचावल्या. कळलं ना? असं जगात कुठेही विचारतात तसं.

आणि मी हसून मान डोलावली. कार्ड उजव्या खिशात होतं. वही मांडीवर उघडी होती. तरी मान डोलावली. तो समाधानाने पुढे गेला.

हामला गाडी थांबली, सुटली. डब्यातल्या फलकावर पुढच्या स्टेशनांची नावं सरकत होती, त्यात कोलोन नव्हतं. पोटात गोळा आला. शेजारच्या बाईंना कार्ड दाखवलं, तिकीट दाखवलं. त्यांनी माझी वही ओढून घेतली, दोन रेघा काढल्या, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि डावीवर एक ठिपका दिला: तुम्ही इथे. मग खाली लिहिलं, ड्युसेलडॉर्फला उतरा, तिथून कोलोन अर्ध्या तासावर. एवढंच होतं. दीड तास उशीर झाला, रात्री कोलोनला पोचले, स्टेशनाबाहेर पडल्या पडल्या समोर ते काळं, प्रचंड चर्च उभं होतं आणि मी त्याच्या पायऱ्यांवर बसून रडले.

गाडी चुकल्याचं ते रडणं नव्हतं. त्या माणसाने आपलं काम चोख केलं होतं. वाकून, हात दाखवून, थांबून विचारलं होतं. मी त्याला खोटं सांगितलं. आणि पायऱ्यांवर बसल्या बसल्या मला अशी किती माणसं आठवली. चौथीतल्या बाई, ज्या दर धड्यानंतर माझ्या बाकाशी येऊन विचारायच्या, समजलं? सगळा वर्ग वळून बघायचा आणि मी मान डोलवायची. त्यांनी आणखी काय करायला हवं होतं? दवाखान्यातले डॉक्टर, औषधं कशी घ्यायची ते सांगणारे. आई. संध्याकाळी दमून आलेली आई काहीतरी सांगायची, तिला दुसऱ्यांदा सांगायला लावणं माझ्या जिवावर यायचं. मी हे सगळं त्यांच्यावरच्या मायेने करत होते आणि दरवेळी त्यांना थोडं लांब सारत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी एक केलं. कुणी काही सांगितलं की मला जे समजलं ते उलट लिहून दाखवायचं. “हीच गाडी? हाच डबा?” समोरच्याने हो म्हटलं तरच वही मिटायची. यात प्रत्येक वेळी अर्धं मिनिट जास्त जातं. ते अर्धं मिनिट मागायचा मला हक्क आहे, हे एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं.

५. दाराला तळहात लावावा

पॅरिसमध्ये मी एका जुन्या इमारतीत खोली घेतली होती. तिथल्या इमारतींना रस्त्यावर एक मोठं दार असतं, भिंतीत बटणांची पट्टी आणि जाळी. बटण दाबलं की वरून कुणी जाळीतून बोलतं, मग दाराचं कुलूप काही क्षण विजेने सुटतं, तेवढ्यात दार ढकलायचं. ऐकणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. बहिऱ्या माणसाला त्या दारासमोर हे कळत नाही की वर कुणी आहे का, कुणी बोललं का, कुलूप सुटलं का.

पाऊस पडत होता. मी बटण दाबत होते आणि दार ढकलत होते, दरवेळी चुकीच्या क्षणी. मालकिणीला मी बहिरी असल्याचं आधी कळवलं होतं, पण कळवणं आणि लक्षात राहणं यात अंतर असतं. शेवटी इमारतीतलीच एक बाई आली, काखेत लांब पाव. कार्ड वाचलं. स्वतःजवळ किल्ली असूनही तिने दार उघडलं नाही. माझं मनगट धरून माझा तळहात कुलपाच्या वरच्या लाकडावर टेकवला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. थोड्या वेळाने लाकडात एक बारीक थरथर आली, मधमाशी मुठीत धरावी तशी. तिने मान हलवली: आता. मी ढकललं, दार उघडलं. तिने मला बाहेर काढून दार लावलं आणि पुन्हा करायला लावलं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हाच ती आत आली.

तिचं नाव मला माहीत नाही. माझ्या वहीत त्या दाराचं चित्र आहे, कुलपावर पंजा.

आता मी खोली घेताना आधीच लिहून विचारते: दाराला आकड्यांचा कोड आहे का? नसेल तर मी पोचेन तेव्हा खाली कोण उभं राहील?

६. सामानातल्या काही गोष्टी

यंत्राच्या बॅटऱ्या घरूनच न्याव्यात, हव्या त्याच्या दुप्पट. माझ्या यंत्राला ६७५ नंबरच्या लागतात, निळ्या चिकटपट्टीच्या. पट्टी काढली की त्या हवा घेऊन चालू होतात, मग वापरा न वापरा, संपत जातात. आपल्याकडे पावसाळ्यात यंत्राच्या नळीत पाणी साठतं म्हणून रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं. तिकडच्या थंडीत तो त्रास नव्हता.

उशीखाली ठेवायचं थरथरणारं घड्याळ. पहिल्याच दिवशी हॉटेलात लिहून द्यावं की आगीची घंटा वाजली तर मला ऐकू येणार नाही, कुणीतरी किल्लीने दार उघडून मला उठवावं. आणि खोली जिन्याजवळची मागावी. फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइबसारखी सोय असते, समोरचा बोलतो ते अक्षरांत उमटतं, मराठीतसुद्धा. शांत जागी ती फार कामाची. स्टेशनात, बाजारात बिनकामाची. बॅटरी संपली की वही. वही कधी संपत नाही, पेन्सिलही गोठत नाही.

युरोपीय संघात आणीबाणीला ११२. फ्रान्समध्ये बहिऱ्यांसाठी ११४ हा वेगळा क्रमांक आहे, त्यावर एसएमएस करता येतो. शेंगेन व्हिसाला निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो घेताना यंत्र हरवलं तर काय, हेही विचारावं. अपंगत्वाचं ओळखपत्र जवळ असू द्यावं, त्यावर इंग्रजी असतं. लूव्र संग्रहालयात अपंग व्यक्तीला आणि सोबतच्या एकाला तिकीट नाही. मला सोबत नव्हती. आत गेले आणि दिवसभर बाहेर आले नाही.

७. खुर्ची नको असेल तर बसू नये

युरोपीय संघाचा २००६ चा नियम आहे, विमानतळावर अपंग प्रवाशाला फुकट मदत मिळते, ४८ तास आधी कळवायचं. विमान कंपन्यांकडे बहिऱ्या प्रवाशासाठी वेगळी खूणही असते. मी कळवलं होतं: मला फक्त गेट बदललं तर येऊन सांगा. एका विमानतळावर उतरले तर एक तरुण मुलगा माझ्या नावाचा कागद घेऊन उभा होता, आणि त्याच्यापुढे चाकांची खुर्ची.

पूर्वीची मी त्या खुर्चीत बसले असते. खरंच बसले असते, त्या मुलाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मी वही काढली आणि लिहिलं, माझे पाय चांगले आहेत, कान नाहीत. तो वाचून लाल झाला. पण खुर्ची सोडून जायची त्याला परवानगी नसावी. मग रिकामी खुर्ची ढकलत तो आणि शेजारून मी, असे आम्ही गेटपर्यंत चालत गेलो. वाटेत मी माझी बॅग खुर्चीत ठेवली. गेटवर पोचल्यावर त्याने माझी वही मागितली आणि लिहिलं, त्याचे आजोबा बहिरे होते.

८. आपली माणसं शोधावीत

पॅरिसला जायचं माझं कारण आयफेल टॉवर नव्हतं. तिथे अठराव्या शतकात शार्ल-मिशेल द लेपे नावाचा एक पाद्री होऊन गेला. लोक त्याला आबे द लेपे म्हणत. १७६० च्या सुमारास त्याने स्वतःच्या घरात बहिऱ्या मुलांची शाळा काढली. पैसे न घेता, गरिबांच्या मुलांसाठीही. त्याने ओळखलं की या मुलांकडे भाषा आधीच आहे, हातांची. ती काढून घ्यायची नाही, तिच्यातूनच शिकवायचं. तो १७८९ मध्ये वारला, दोन वर्षांनी शाळा सरकारने आपल्याकडे घेतली. ती आजही सँ-जाक रस्त्यावर आहे.

मी दोनदा गेले. चालती शाळा आहे, आत शिरणं बरं वाटेना, फाटकाशीच उभी राहिले. आवारात लेपेचा पुतळा आहे, फेलिक्स मार्तँ या शिल्पकाराचा. मार्तँ स्वतः बहिरा होता. मी कलाशाखेची, त्यामुळे पुतळ्यात मी आधी हात बघते. बहिऱ्या माणसाने घडवलेले हात आहेत हे माहीत असल्यावर तिथून पाय निघेना.

याच शाळेतला लोराँ क्लेर नावाचा बहिरा शिक्षक १८१६ मध्ये समुद्र ओलांडून अमेरिकेला गेला आणि १८१७ मध्ये तिथे हार्टफर्डला बहिऱ्यांची शाळा उभी राहिली. अमेरिकेची खुणांची भाषा बरीचशी फ्रान्समधून आली ती अशी. आपली भारतीय सांकेतिक भाषा मी एकोणचाळिसाव्या वर्षी शिकायला घेतली. दिल्लीच्या सरकारी संस्थेचा दहा हजार शब्दांचा कोश २०२१ मध्ये आला, त्यातल्या चित्रफिती बघून बघून. आपली बोटांची अक्षरं दोन हातांची, इंग्रजांसारखी. फ्रेंचांची एका हाताची. म्हणजे तिथे माझं शिकलेलं निम्मं फुकट जाणार, असं मी धरून चालले होते.

शाळेपासून जवळ एका कॉफीच्या दुकानात दोन वयस्क बायका बोलत होत्या, हातांनी. मी किती वेळ बघत राहिले असेन, एकीच्या लक्षात आलं. तिने कानाकडे बोट नेलं, भुवया वर: तू? मी हो म्हटलं. कुठून? मी कपाळावर टिकलीच्या जागी बोट टेकवलं. त्यांनी खुर्ची सरकवली. पुढचा दीड तास आम्ही काय बोललो ते लिहिलं तर चार पानं होतील. त्यांचा एकही शब्द मला येत नव्हता, माझा त्यांना नाही. पण कळलं नाही की त्या थांबायच्या, तीच गोष्ट दुसऱ्या वाटेने सांगायच्या, हवेत चित्र काढायच्या, नक्कल करायच्या. न कळण्याची लाजच नव्हती त्या टेबलावर. कळलं नाही, ही तिथे बोलण्याची सुरुवात होती. मी भाताची शेतं दाखवली, आमच्याकडचा पाऊस दाखवला. पाऊस दाखवताना माझे दोन्ही हात टेबलावर इतका वेळ बरसत राहिले की दुकानदार बघायला आला.

९. रमाबाई

कोलोनमधल्या खोलीत एका रात्री झोप लागेना तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वय पंचविशीचं, नवरा वारलेला, सोबत लहानगी मुलगी मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत. तिथे पोचल्यावर थोड्याच काळात आनंदीबाईंनी जीव दिला. रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं. ते झालं नाही, कारण त्यांची श्रवणशक्ती कमी होत चालली होती. त्या मग चेल्टनमच्या महिला कॉलेजात शिकल्या, शिकवलंही, आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या.

शाळेत रमाबाईंवर मी निबंध लिहिला होता. संस्कृत, शारदा सदन, विधवांसाठीचं काम, सगळं होतं त्यात. त्यांना ऐकायला कमी येत होतं हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यासारख्या मुलींना ते सांगायला हवं. परक्या देशात, परक्या भाषेत, व्याख्यानाच्या खोलीत पुढच्या रांगेत बसून शिकवणाऱ्याच्या ओठांकडे बघणारी ती तरुण बाई मला त्या रात्री इतकी जवळची वाटली, की उठून दिवा लावला आणि वहीत तिचं चित्र काढलं. पांढरं लुगडं, आणि किंचित पुढे झुकलेली मान. ती मान मला ओळखीची आहे.

१०. मिलान

मिलानला मी कॅथेड्रल बघितलं, आइस्क्रीम खाल्लं, आणि मनात एक जुना राग घेऊन फिरले. ६ ते ११ सप्टेंबर १८८० या दिवसांत इथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. १६४ प्रतिनिधींत बहिरा एकच. ठराव झाला की शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करायची, मुलांना फक्त बोलायला आणि ओठ वाचायला शिकवायचं. पुढची शंभर वर्षं त्याची झळ जगभर लागली. ती माझ्यापर्यंतही आली. दहा वर्षांची असताना मला एका शहरात ओठ वाचायला शिकवायला नेत, तिथे पहिला नियम होता: हात मांडीखाली. काही सांगताना हात उचलला की थाप बसायची. हळूच, पण बसायची. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला. एकशे तीस वर्षांनी.

मी कॅथेड्रलसमोरच्या चौकात बाकावर बसले आणि घरी व्हिडिओ कॉल लावला. आईला दोन्ही हातांनी सांगितलं: चर्च, उंच, पांढरं, सुयांसारखं. ती आधी गोंधळली. मग तिनेही फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि हात मोकळे केले. पहिली खूण तिने केली ती घास तोंडाकडे नेण्याची. जेवलीस का?

११. घर

दादरहून मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसने आले. केशवसुतांच्या कवितेचं नाव असलेली ही गाडी उजाडता उजाडता सावर्ड्याला सोडते. फलाटावर धुकं होतं. भाऊ मोटारसायकल घेऊन आला होता, हेल्मेटच्या काचेआडून काहीतरी म्हणाला. मी त्याची काच वर केली आणि पुन्हा बोलायला लावलं. तो थोडा चमकला. म्हणाला, बॅग पुढे घेऊ का मागे बांधू?

घरी चूल पेटलेली होती. आई पाठमोरी बसून भाकऱ्या थापत होती. मी आत आल्याचं तिला सावलीवरून कळलं असावं, कारण तिचे खांदे हलले, ती काहीतरी बोलली, बोलत राहिली, पाठ तशीच. मी नेहमीच्या जागी पाटावर बसले. इतकी वर्षं मी याच पाटावरून तिच्या पाठीला हो म्हणत आले होते.

“आई,” मी म्हटलं, “कळलं नाही.”

ती थांबली. पिठाचे हात तसेच धरून वळली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, “सार गरम करू का, विचारत होते.”

“नको. गारच दे.”